शेलच्या चिपांची उथळ डोंगरमाती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंगराच्या माथ्यावर किंवा उतारावर कुदळ मारली की पहिल्याच घावाला खणकन आवाज येतो. वर येतं ते मूठभर माती आणि ओंजळभर चपट्या, पातळ चिपा. शेल या खडकापासून तयार झालेली ही जमीन जगात अनेक ठिकाणी आहे आणि बहुतेक ठिकाणी ‘बरड’ म्हणून तिची बोळवण होते. माझं मत वेगळं आहे. ही जमीन निकामी नाही, फक्त तिच्याकडची माती थोडी आहे. ती नेमकी किती, हे मोजल्याशिवाय घेतलेला प्रत्येक निर्णय चुकण्याची शक्यता असते. खालची बरीच उत्तरं त्यामुळे शेवटी याच मोजमापाकडे वळतात.

शेल म्हणजे नेमका कोणता खडक?

शांत पाण्याच्या तळाशी साचलेला चिकणमातीचा आणि पोयट्याचा (वाळूहून बारीक, चिकणमातीहून जाड कणांचा) गाळ वरच्या थरांच्या भाराखाली दाबला जाऊन जो खडक बनतो, तो शेल. गाळाच्या खडकांमध्ये सर्वांत जास्त प्रमाण याच बारीक कणांच्या खडकांचं आहे. शेलची खूण म्हणजे तो पानापानांनी सुटतो. जुनी वही पाण्यात भिजून वाळावी आणि तिची पानं उलगडावीत, तसे त्याचे पापुद्रे निघतात. असाच गाळ घट्ट होऊनही पापुद्रे न सुटता ढेकळासारखा फुटत असेल, तर त्याला पंकाश्म म्हणतात.

स्लेट म्हणजेच पाटीचा दगड वेगळा. शेलवर प्रचंड दाब आणि उष्णता येऊन तो रूपांतरित झाला की स्लेट होते. हातोडीनं ठोकून पाहा. स्लेट टणत्कार देते, शेलचा आवाज बद्द येतो. हा फरक शेतकऱ्याच्या कामाचा आहे, कारण स्लेटची चीप पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहते आणि शेलची चीप काही पावसाळ्यांत बोटांनी चुरडण्याइतकी मऊ पडू शकते.

या मातीची ओळख कशी पटवायची?

बारीक मातीचा हात घेऊन पाहा. ती पिठासारखी, किंचित रेशमी लागते, कारण तिच्यात पोयट्याचं प्रमाण बरंच असतं. वाळूची खरखर कमी. त्या पिठात सगळीकडे चपट्या चिपा. खोल जावं तशा चिपा वाढत जातात आणि एका टप्प्यावर त्या विस्कळीत राहत नाहीत. पानांची थप्पी जशी रचून ठेवावी तशा एकाच दिशेनं लागलेल्या दिसतात. थप्पी दिसली की तुम्ही मातीतून खडकात शिरलात.

मृदाशास्त्रात २ मिलिमीटरपासून १५ सेंटिमीटर लांबीपर्यंतच्या चपट्या तुकड्यांना स्वतंत्र नाव आहे आणि त्यांच्या प्रमाणावर जमिनीचा प्रकार ठरतो. अमेरिकी वर्गीकरणात अशा तुकड्यांनी जमिनीचा १५ ते ३५ टक्के घनफळ व्यापला तर ती साधी चिपाळ, ३५ ते ६० टक्के व्यापला तर फार चिपाळ, त्याहून जास्त तर अतिचिपाळ. ३५ टक्के ही महत्त्वाची रेषा आहे. तिच्या पुढे दगड हे मातीतलं भेसळीचं द्रव्य राहत नाहीत, ते जमिनीचा सांगाडाच बनतात.

शेल एवढा मऊ, लवकर फुटणारा. मग त्याच्यावर माती खोल का साचत नाही?

हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी जमीन नीट पाहिलेली असते. शेल फुटतो लवकर, हे खरं. पाणी पापुद्र्यांत शिरतं, वाळतं, पुन्हा शिरतं. थंड प्रदेशात ते गोठून फुगतं. वरचा भार निघून गेल्यामुळे खडक सैल होऊन तडकतो. मुळं फटी रुंदावतात. खडकात पायराइट म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज असेल, तर हवा-पाणी लागताच त्यातून गंधकाम्ल तयार होतं आणि ते आजूबाजूची खनिजं खात जातं.

पण फुटणं वेगळं आणि माती होणं वेगळं. खडकाची चीप व्हायला फार काळ लागत नाही. चिपेतल्या खनिजांचं रासायनिक रूपांतर होऊन मुळांना उपयोगी पडेल अशी बारीक माती व्हायला मात्र खूप लागतो. शेलमधली बरीचशी खनिजं मुळातच झिजेच्या एका फेरीतून गेलेली असतात. इलाइट, क्वार्ट्झ ही उरलेली मंडळी सहजासहजी हार मानत नाहीत.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात ‘शेल हिल्स’ नावाचं सुमारे ८ हेक्टरचं एक छोटं पाणलोट क्षेत्र आहे. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठानं तिथे सिल्युरियन काळातल्या, म्हणजे चाळीस कोटींहून जास्त वर्षांपूर्वीच्या शेलवरच्या मातीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. युरेनियमच्या समस्थानिकांवरून तिथे माती तयार होण्याचा वेग काढला गेला, तो दहा लाख वर्षांत साधारण पंधरा ते पन्नास मीटर इतका भरला. ऐकायला मोठा वाटतो, पण हिशेब करा. १ मिलिमीटर माती व्हायला वीस ते साठ वर्षं. आणि १ मिलिमीटर माती हेक्टरभर पसरली तर ती १० घनमीटर, म्हणजे ढोबळमानानं १३ टन होते. उघड्या, नांगरलेल्या उतारावरून एवढी माती एका वाईट पावसात जाऊ शकते.

उत्तर एवढंच आहे. उतारावर माती जितकी बनते तितकीच, किंवा त्याहून जास्त, खाली जाते. म्हणून माथ्यावर आणि उताराच्या फुगीर भागावर ती वीतभर असते, तर ओघळीच्या खोलगट भागात अनेकदा कमरेइतकी सापडते. एकाच शेतात!

‘उथळ’ म्हणजे किती?

खडकापर्यंतची खोली २५ सेंटिमीटरहून कमी असेल तर अतिउथळ, २५ ते ५० उथळ, ५० ते १०० मध्यम खोल. पेनसिल्व्हेनियाच्या शेल टेकड्यांवर शेजारी शेजारी सापडणाऱ्या दोन माती या भेदाचं चांगलं उदाहरण आहेत : ‘वायकर्ट’ उथळ आणि ‘बर्क्स’ मध्यम खोल. दोन्ही शेलच्याच, दोन्ही चिपाळ, दोन्हींचा निचरा उत्तम. फरक खोलीचा, आणि त्या फरकामुळे कोरड्या वर्षात बर्क्सवर पीक उभं राहतं, वायकर्टवर राहत नाही.

जागतिक वर्गीकरणात २५ सेंटिमीटरच्या आत सलग खडक लागणाऱ्या किंवा अतिशय दगडी जमिनींना लेप्टोसॉल म्हणतात.

जमिनीत भोक पाडायचं गिरमिट थोड्याच खोलीवर अडलं. खडक लागला असं समजायचं का?

लगेच नाही. या जमिनीत गिरमिट चिपेवरही अडतं. हातभर अंतरावर निदान पाच-सहा ठिकाणी पहार ठोकून पाहा. प्रत्येक ठिकाणी साधारण त्याच खोलीवर अडत असेल तर खडक आहे. एकीकडे २०, दुसरीकडे ४५ सेंटिमीटर असं येत असेल तर सुट्या चिपा आहेत, किंवा खालचा खडक उभ्या थरांचा असून दातेरी आहे.

खडक लागलाच, तर तो कसा आहे हेही बघा. कष्टानं का होईना कुदळीनं खणता येतो असा मऊ पडलेला खडक आणि पहारेलाही दाद न देणारा अखंड खडक यांत मुळांच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण शंका पूर्ण फिटवायची असेल तर एक खड्डा खणा. शेताच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या भागात एकेक खड्डा खणला की जे कळतं, ते कुठल्याही नकाशावरून कळत नाही. मला या कामाइतकं समाधान देणारं दुसरं काम माहीत नाही.

माती परीक्षणाचा अहवाल चांगला आला, तरी पीक सुकतं. असं का?

कारण अहवाल तुमच्या शेताचा नसतो, चाळणीखाली पडलेल्या मातीचा असतो. प्रयोगशाळेत नमुना २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळतात आणि वर राहिलेल्या चिपा फेकून देतात. परीक्षण फक्त बारीक मातीचं होतं. त्या मातीत पालाश (पोटॅशियम) भरपूर, कर्ब चांगला, सामू (आम्लता दाखवणारा पीएच) बरा, असं सगळं खरं असू शकतं. पण ती माती शेतात मुळात किती आहे, हे त्या कागदावर कुठेच नसतं.

ते आपणच मोजायचं. साधनं घरचीच लागतात. ३० सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच खोल असा नेटका खड्डा घ्या. त्याचं घनफळ २७ लिटर. निघालेलं सगळं चाळा. २ मिलिमीटरची चाळणी नसेल तर जवळपासची चालेल, थोडीफार चूक होऊ द्या. चिपा रात्रभर पाण्यात भिजत ठेवा, कारण मऊ शेल पाणी पितो आणि कोरडाच बुडवला तर मोजमाप चुकतं. मग काठोकाठ भरलेल्या मोठ्या बादलीत त्या हळूहळू सोडा आणि बाहेर सांडलेलं पाणी मोजा. समजा १२ लिटर सांडलं. म्हणजे २७ पैकी १२ लिटर दगड, साधारण ४४ टक्के.

हे घनफळानं मोजणं महत्त्वाचं आहे. हाच खड्डा वजनानं मोजलात तर दगड ६० टक्क्यांच्या वर भरतील, कारण दगड मातीहून जड. वजनाचा आकडा घनफळाच्या जागी वापरून केलेले हिशेब मी पाहिले आहेत, आणि त्यांवरून चांगल्या जमिनी नापास झालेल्याही.

एकदा चांगला पाऊस झाला की किती दिवस पुरतो?

आता वरचा आकडा कामी येतो. पोयटायुक्त बारीक माती दर १० सेंटिमीटर खोलीला साधारण १८ मिलिमीटर पाणी पिकाला मिळेल असं धरून ठेवते. जमीन ४० सेंटिमीटर खोल आणि निम्मी दगड असेल, तर बारीक मातीची खरी खोली २० सेंटिमीटरच. साठा झाला ३६ मिलिमीटर. कोरड्या उन्हात भरात आलेलं पीक दिवसाला ५ मिलिमीटर पाणी ओढत असेल, तर सात दिवसांत सगळं संपलं. त्यातही निम्मा साठा संपताच ताण सुरू होतो. म्हणजे चौथ्या दिवशी पानं बोलू लागतात.

दगड नसलेल्या मीटरभर खोल जमिनीत हाच हिशेब १८० मिलिमीटरचा येतो. तिथे ताण जाणवायला अठरा दिवस लागतात. शेजारच्या सपाटीवरचं पीक हिरवं आणि आपलं सुकलेलं, याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं. बियाण्याला किंवा खताला दोष देण्याआधी हा हिशेब करावा.

सिंचन असेल तर त्यातून थेट सूत्र निघतं : थोडं थोडं, वारंवार. एकाच वेळी भरपूर पाणी दिलं तर साठ्यापलीकडचं पाणी चिपांमधून खाली निघून जातं आणि जाताना नत्र घेऊन जातं.

मग अशाच जमिनीवर उंच झाडं कशी उभी असतात?

कारण झाडांसाठी जमीन खडकाशी संपत नाही. शेल थरांचा आणि भेगांचा खडक आहे. या भेगांत ओलावा असतो, वरून वाहून आलेली थोडी माती असते, आणि चिवट मुळांना तेवढं पुरतं. शेल हिल्समध्ये खणलेल्या खड्ड्यांत खडकाच्या फटींतून दीड मीटरहून खोल गेलेली मुळं आढळली आहेत. वरची माती तिथे त्या मानानं अगदीच थोडी आहे.

मऊ पडलेल्या चिपाही कोरड्या नसतात. त्यांच्या सूक्ष्म छिद्रांत थोडं पाणी राहतं आणि ते हळूहळू बाहेरच्या मातीला मिळतं. वरच्या हिशेबात हे धरलेलं नाही, त्यामुळे तो थोडा कडक आहे. हंगामी पिकाच्या बाबतीत मी तो तसाच ठेवतो. तीन-चार महिन्यांच्या पिकाला खडकाच्या फटी शोधायला वेळ नसतो, झाडाला असतो. दगडी जमिनीवर बहुवर्षायू लागवड जास्त टिकते ती यामुळे.

एक सावधगिरी मात्र हवी. थर आडवे आणि भेगा कमी असतील, तर मुळं खडकावर चटईसारखी पसरतात. अशी झाडं वादळात मुळांच्या चटईसकट आडवी होतात. दाट रानाची एकदम विरळणी केली की उरलेल्या झाडांवर वारा थेट येतो, तेव्हा हे विशेष घडतं. विरळणी टप्प्याटप्प्यानं करावी.

दगड वेचून काढावेत का?

अवजारं मोडणारे मोठे दगड काढा. बाकीच्या चिपा राहू द्या.

पृष्ठभागावरच्या चिपा पावसाच्या थेंबाचा मार स्वतःवर घेतात. पोयटायुक्त माती उघडी पडली की पहिल्या जोरदार सरीनं तिच्यावर पापडी धरते, पाणी मुरत नाही आणि वाहू लागतं. चिपांच्या आच्छादनाखाली तसं होत नाही. ओलावाही कमी उडतो. शेत ‘स्वच्छ’ करायचं म्हणून सगळे दगड वेचले तर दोन-तीन पावसाळ्यांत खालून नवे दगड वर आलेले दिसतात. पण बहुधा ते वर आलेले नसतात. त्यांच्यावरची माती गेलेली असते.

वेचलेले मोठे दगड समपातळीत ओळीनं रचले तर ते माती अडवतात. एवढा उपयोग करून घ्यावा.

ही माती आम्लच असते का?

भरपूर पावसाच्या प्रदेशात बहुधा हो. चुना नसलेल्या शेलवर सामू ४.५ ते ५.५ च्या दरम्यान सापडणं नेहमीचं आहे. सामू ५.५ च्या खाली गेला की ॲल्युमिनियम विद्राव्य होऊ लागतं, आणि जसजसा सामू आणखी उतरतो तसतसं मुळांची टोकं आखूड, जाड, तपकिरी होतात. आधीच उथळ जमीन, त्यात मुळंही खुंटलेली, असा दुहेरी फटका बसतो. पण शेलमध्ये चुनाही असू शकतो. खडकाच्या ताज्या तुकड्यावर सौम्य आम्लाचा थेंब टाकल्यावर फेस आला तर तो चुनायुक्त आहे आणि त्यावरच्या मातीचं गणित वेगळं आहे.

चुना देताना या जमिनीत होणारी सर्वांत महाग चूक सांगतो. चुन्याची शिफारस एका हेक्टरच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात सुमारे २,००० टन माती आहे असं धरून काढलेली असते. तुमच्याकडे तेवढी नाही. ४४ टक्के दगड असतील तर ५६ टक्केच बारीक माती आहे. शिफारस ४ टन चुन्याची असेल, तर तुम्हाला सव्वादोन टन पुरतो. पूर्ण ४ टन टाकले तर सामू हव्या त्यापेक्षा वर जातो, लोह, मँगनीज आणि जस्त यांची कमतरता दिसू लागते आणि पैसे वाया जातात ते वेगळेच. प्रयोगशाळेनं दगडांची वजावट आधीच केली आहे का, हे मात्र विचारून घ्या, नाहीतर दोनदा वजावट होईल.

खतांचं काय?

नत्र हप्त्यांत द्या, तीन हप्ते जमले तर तीन. पालाशची चिंता तुलनेनं कमी, कारण इलाइट हे पालाश असलेलं खनिज आहे आणि ते हळूहळू देत राहतं. तो वेग भरघोस पिकाला मात्र अपुरा पडू शकतो. स्फुरद (फॉस्फरस) आम्ल मातीत लोह आणि ॲल्युमिनियमला चिकटून अडकतं, म्हणून आधी सामू सुधारा आणि मग स्फुरद मुळांजवळ ओळीत द्या.

सेंद्रिय पदार्थाविषयी एक दिलासा देतो. इथे बारीक माती कमी असल्यामुळे त्याच एका गाडी शेणखतानं कर्बाची टक्केवारी खोल जमिनीपेक्षा जास्त वाढते. थोड्या मातीला थोडंच पुरतं. मुळं, पालापाचोळा आणि आच्छादन यांतून आलेला कर्ब टिकवण्यासाठी नांगरट कमीत कमी ठेवावी. कर्बाचा एकूण साठा हेक्टरी टनांत काढायचा असेल, तर तिथेही दगडांचा वाटा वजा करायला विसरू नका.

माती लाल, राखाडी किंवा ऑलिव्ह रंगाची आहे. रंगावरून काय समजावं?

इथे नेहमीचा नियम फसवतो. इतर जमिनींत राखाडी रंग म्हणजे पाणी साचतं, लालसर म्हणजे निचरा चांगला, असं आपण धरतो. शेलच्या मातीचा रंग बहुधा खडकाकडून वारशानं आलेला असतो. राखाडी शेलची माती पाणी अजिबात न साचताही राखाडी दिसते. उलट लाल शेलच्या मातीत पाणी साचलं तरी खडकातलं लोह-ऑक्साइड एवढं जास्त असतं की राखाडी डाग लवकर उमटतच नाहीत. म्हणून रंगाऐवजी पावसानंतर खड्ड्यात पाणी किती वेळ उभं राहतं ते बघा.

काळा रंग मात्र थांबून विचार करण्याचा.

काळ्या शेलची एवढी धास्ती कशासाठी?

काळा शेल म्हणजे प्राणवायू नसलेल्या पाण्याच्या तळाशी साचलेला गाळ. त्यात सेंद्रिय कर्ब, पायराइट आणि त्यांच्यासोबत सेलेनियम, मॉलिब्डेनम, कॅडमियम, युरेनियम अशी मूलद्रव्यं एकवटलेली असू शकतात. प्रत्येक काळा शेल विषारी असतो असं नाही. पण जिथे असतो तिथे त्याचे परिणाम गंभीर झाले आहेत.

चीनच्या हुबेई प्रांतात एन्शी भागात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला लोकांचे केस आणि नखं गळू लागली. मुळाशी होतं सेलेनियमयुक्त काळ्या कार्बनी खडकांतून मातीत आणि मातीतून अन्नात गेलेलं सेलेनियम. अमेरिकेच्या साउथ डकोटामध्ये जनावरांच्या खुरांचा आणि केसांचा एक जुना आजार होता. तोही सेलेनियममुळे होतो हे १९३०च्या दशकात कळलं. तिथली माती क्रिटेशस काळातल्या, म्हणजे डायनासोरांच्या युगाच्या अखेरच्या टप्प्यातल्या शेलवर बनलेली होती. दोन्हीकडे जमीन वरून साधीच दिसत होती.

दुसरा धोका आम्लाचा. पायराइट असलेला काळा शेल जमिनीत गाडलेला असतो तोवर शांत असतो. रस्त्यासाठी, शेततळ्यासाठी किंवा सपाटीकरणासाठी तो उकरून हवेत टाकला की गंधकाम्ल तयार होऊ लागतं. सामू ३ च्या आसपास उतरू शकतो आणि तो ढीग वर्षानुवर्षं उघडा-बोडका राहतो. तिथून झिरपणारं पाणी गंजासारखं नारिंगी दिसतं. ताज्या फोडलेल्या तुकड्यात सोनेरी चमकणारे बारीक कण दिसले किंवा भिजलेल्या ढिगाला गंधकाचा वास आला, तर पुढचं खोदकाम थांबवून आधी तपासणी करून घ्यावी.

खडक फोडून जमीन खोल करता येईल का?

मऊ पडलेल्या, चमकणारे कण नसलेल्या शेलमध्ये खोल फाळानं चिरा पाडल्या तर मुळांना वाट मिळते, आणि फळझाडांच्या ओळींपुरतं ते उपयोगी पडतं. पण जे तयार होतं ती माती नसते. ती चिपांची भुकटी असते. तिच्यात कर्ब नसतो, जीव नसतो. तिची माती व्हायला मुळं आणि वेळ दोन्ही लागतात. सगळं शेत फोडण्याच्या मी विरोधात आहे. वरची हातभर जिवंत माती खालच्या कच्च्या चुऱ्यात मिसळून पातळ करणं हा तोट्याचा सौदा आहे.

फोडायचंच असेल तर चिरा समपातळीत पाडा, उताराच्या दिशेनं कधीच नाही.

उतारावर समपातळी चर खणावेत का?

या प्रश्नाला सरसकट ‘हो’ म्हणणारे भेटतील, पण आधी थरांचा कल पाहा. जवळच्या रस्त्याच्या कापात किंवा ओढ्याच्या काठावर तो दिसतो. खडकाचे थर डोंगराच्या पोटात कललेले असतील, तर मुरलेलं पाणी आत जातं आणि उतार तुलनेनं सुरक्षित राहतो. थर उताराच्याच दिशेनं कललेले असतील, तर प्रत्येक थर ही एक घसरगुंडी असते. पापुद्र्यांमधली चिकणमाती ओली झाली की तिचा घर्षणाचा आधार सुटतो. अशा उतारावर खोल चर खणून पाणी मुरवणं म्हणजे घसरगुंडीला वंगण देणं. तिथे गवताचे पट्टे, दगडी ओळी, झाडांची मुळं, एवढ्यावरच भागवावं.

तसंही या जमिनीत पाऊस चटकन मुरतो. तो खडकाच्या माथ्यावरून आडवा वाहत पायथ्याशी झऱ्याच्या रूपात बाहेर येतो. जमीन एकदा पूर्ण भिजली की पुढचा सगळा पाऊस तसाच ओढ्यात उतरतो आणि ओढे एकदम फुगतात.

इथे काय लावावं?

पाण्याच्या साठ्याचा वरचा हिशेब करा आणि पीक त्यात बसवा. ढोबळमानानं सांगायचं तर पहिली पसंती गवताला आणि बहुवर्षायू चाऱ्याला. आम्लता सोसणारी राय, ओट, कुट्टू ही धान्यं चालतात. लसूणघासाला सामू ६.५ च्या पुढे आणि खोल जमीन दोन्ही लागतात, तेव्हा तो आधी खोलगट भागात लावून पाहावा. द्राक्षवेलीला मर्यादित पाणी आणि उत्तम निचरा मानवतो. मका कोरड्या वर्षात दगा देतो.

या जमिनीचा एक गुण कमी लोक वापरतात. थंड प्रदेशात हिवाळा सरताना ही माती लवकर कोरडी आणि लवकर उबदार होते. खोल जमिनीत वाफसा यायच्या आत इथे पेरणी उरकते आणि कडक उन्हाच्या आधी पीक हाती येतं. कमी दिवसांची, लवकर पेरता येणारी वाणं इथे खरी शोभतात.

घर बांधायचं आहे. शोषखड्डा चालेल?

साधा शोषखड्डा बहुधा नाही. सांडपाणी शुद्ध होण्यासाठी त्याला पुरेशा जाडीच्या मातीतून हळू झिरपावं लागतं. इथे ते वीतभर मातीतून उतरून थेट खडकाच्या भेगांत जातं आणि भेगांतून विहिरीत किंवा झऱ्यात. विहीर उताराच्या वरच्या अंगाला आहे म्हणून निर्धास्त राहू नका. भेगांमधलं पाणी जमिनीच्या उतारापेक्षा थरांच्या कलानं जाऊ शकतं. बाहेरून वाळू आणून उंचवटा करून त्यातून सांडपाणी गाळण्याची पद्धत अशा ठिकाणी वापरतात, पण तिची आखणी जाणकाराकडूनच करून घ्यावी. खाली युरेनियमयुक्त काळा शेल असेल तर घरात रेडॉन हा किरणोत्सारी वायू साचतो का, हेही मोजून घ्यावं.

पाया मात्र सहसा चांगला मिळतो, थर उताराकडे कललेले नसतील तर.

एक उतार अगदी उजाड आहे, काहीच रुजत नाही. तिथे झाडं लावावीत का?

आधी गुडघ्यावर बसून जवळून बघा. ‘काहीच नाही’ असं लांबून वाटतं.

अमेरिकेच्या ॲपलेशियन डोंगररांगांत पेनसिल्व्हेनियापासून व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनियापर्यंत असे शेलचे उजाड उतार आहेत. दक्षिणेकडे तोंड केलेले, तीव्र, चिपा सतत घसरणारे. उन्हाळ्यात तिथल्या चिपांचं तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि बहुतेक रोपं मातीलगतच भाजून मरतात. पण याच उतारांवर अशा वनस्पती आहेत ज्या जवळपास दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. वेस्ट व्हर्जिनियातल्या केट्स माउंटनच्या नावानं ओळखली जाणारी रानटी क्लोव्हर त्यांतलीच. तिथली मोहरीच्या कुळातली एक नाजूक वनस्पती १९८९ मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत घातली गेली. या वनस्पतींना कष्टाची जमीन चालते, सावली चालत नाही. तिथे जोमानं वाढणारी झाडं आणून लावली तर त्या सावलीत मरतात.

तेव्हा उतार नांगरटीनं किंवा अतिचराईनं उजाड झाला असेल तर जनावरं बंद करून गवत येऊ द्या, मग झुडपं, मग झाडं. तो पहिल्यापासूनच तसा असेल तर स्थानिक वनस्पती ओळखणाऱ्या माणसाला वर्षाच्या वेगवेगळ्या ऋतूंत तिथे घेऊन जा, आणि तोवर तिथे काहीही लावू नका.